दोन कालव्यांमधलं बिऱ्हाड

हॉटेल म्हटलं की आमच्या पिढीला दोनच प्रकार ठाऊक. एक एसटी जेवणासाठी थांबते ते, आणि दुसरं मुलं हट्टाने लग्नाच्या वाढदिवसाला नेतात ते. दोन्हीकडे इतिहास शोधायला कोणी जात नाही. पण मंडळी, आज एका हॉटेलाचाच इतिहास सांगणार आहे. हॉटेल म्हणून त्याचं वय जेमतेम पस्तिशीतलं, पण त्याआधी या वास्तूने जी बिऱ्हाडं पाहिली ती ऐकली की चाळीचा मालक होऊन बसावंसं वाटेल. शिवाय तिथल्या एका भिंतीने माझा बराच पिच्छा पुरवला. तिच्याविषयी पुढे येईलच.

हॉटेल आहे हॉलंडमध्ये, ॲमस्टरडॅम शहराच्या अगदी जुन्या भागात. नाव ‘सोफिटेल लेजंड द ग्रँड’. खोल्या पावणेदोनशेच्या आसपास, भाडं माझ्या महिन्याच्या पेन्शनशी तुलना करू नये इतकं. २०१८ च्या मे महिन्यात मी लेकीकडे आम्स्टेलफेनला दोन महिने राहायला होते. (आम्स्टेलफेन म्हणजे ॲमस्टरडॅमला लागून असलेलं गाव. तिथे आता इतकी भारतीय मंडळी आहेत की भाजीच्या दुकानात कोथिंबीर मागताना डच यायची गरज पडत नाही.) जावई कामानिमित्त त्या हॉटेलात एकदा गेले होते. ते म्हणाले, “आई, तुम्हाला जुन्या वास्तू आवडतात ना, मग हे बघाच.” आम्ही तिथे फक्त कॉफी प्यायलो. बिल जावयांनी दिलं आणि मला दाखवलं नाही, हे त्यांचे संस्कार.

पत्ता उच्चारायचा म्हणजे घसा साफ हवा. आउडेझाइट्स फोरबुर्खवाल! डच भाषेत ‘ग’ हे अक्षर घशातून ‘ख’ काढावं तसं म्हणतात, त्यामुळे कालव्याला असलेला त्यांचा ‘ख्राख्ट’ हा शब्द मला शेवटपर्यंत नीट जमला नाही. नातू पोट धरधरून हसायचा. पण या लांबलचक नावाची फोड केली की निम्मा इतिहास हाती लागतो. बुर्खवाल म्हणजे मातीचा तट. फोर म्हणजे पुढचा, आख्टर म्हणजे मागचा. आउडेझाइट्स म्हणजे जुन्या बाजूचा. चौदाव्या शतकात गाव वाढत गेलं तसतसे तट आणि त्यालगतचे खंदक पूर्वेकडे सरकत गेले. पुढे तट गेले आणि पाणी राहिलं. म्हणजे आज आपण ज्याला कालवा म्हणतो तो मुळात गावाचा खंदक. ॲमस्टरडॅमचे जे प्रसिद्ध कालवे चित्रांत दिसतात, अर्धवर्तुळासारखे एकाबाहेर एक, आणि ज्यांना २०१० साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, ते सतराव्या शतकातले. हे खंदक त्यांच्याहून जुने. आमचं हॉटेल अशा दोन खंदकांच्या मध्ये आहे. पुढच्या दाराशी फोरबुर्खवाल, पाठीशी आख्टरबुर्खवाल.

पहिलं बिऱ्हाड जोगिणींचं. पंधराव्या शतकात इथे संत सिसिलियाच्या नावाचा मठ होता. त्या काळी एवढ्याशा गावात वीसेक मठ होते आणि त्यांतले बरेचसे याच जुन्या बाजूला. मठ म्हणजे मोकळी जागा, बाग, प्रार्थनामंदिर आणि भोवती भिंत. हॉटेलात शिरताना आधी एक चौक लागतो आणि आत गेल्यावर पुन्हा एक शांत बाग. गजबजलेल्या गावठाणात एवढी मोकळी जागा कशी उरली याचं उत्तर त्या जोगिणींपाशी आहे.

मग आला २६ मे १५७८ चा दिवस. हॉलंडचा बराचसा भाग स्पेनच्या राजाविरुद्ध उठला होता, आणि ॲमस्टरडॅम मात्र राजाच्या आणि कॅथलिक पंथाच्या बाजूने होतं. त्या दिवशी गावातल्या प्रॉटेस्टंटांनी नगरपालिकेचा ताबा घेतला. रक्त सांडलं नाही. जुन्या कारभाऱ्यांना आणि मठवासीयांना होड्यांत बसवलं, गावाबाहेर नेलं आणि धक्क्यावर उतरवून दिलं. झालं सत्तांतर! गावाच्या कारभाऱ्यांना होडीत बसवून पाठवून द्यायची ही पद्धत ऐकून आमच्या लेकीला आपल्याकडची काही नावं सुचली. ती मी इथे लिहीत नाही.

मठांच्या मालमत्ता शहराकडे आल्या. या मठाचा प्रिन्सेनहोफ झाला, म्हणजे राजपुत्राचा वाडा. राजपुत्र म्हणजे विल्यम ऑफ ऑरेंज, स्पेनविरुद्धच्या लढ्याचा नेता. (इथे एक घोटाळा टाळायला हवा. विल्यमचा १५८४ साली खून झाला तोही प्रिन्सेनहोफमध्येच, पण तो डेल्फ्ट गावातला, तोही पूर्वीचा मठच. शाळेत एका नावाच्या दोन राजांमुळे मुलांचे मार्क जातात, तसंच हे.) ॲमस्टरडॅमच्या प्रिन्सेनहोफमध्ये शहराचे मानाचे पाहुणे उतरायचे. १६३८ साली फ्रान्सची राजमाता मारी द मेदिची आली, तिची व्यवस्था इथेच होती. खरं तर बिचारीला तिच्या मुलाने, म्हणजे राजाने, देशाबाहेर काढलेलं होतं. पण शहराने तिचं स्वागत असं केलं की जणू राज्यच करतेय. म्हणजे बघा, १९९२ मध्ये हॉटेल उघडलं तेव्हा नवीन काही घडलं नाही. पाहुण्यांची उठबस ही या वास्तूची जुनीच सवय.

याच जागेत आरमाराची कचेरी होती. त्या वेळच्या डच प्रजासत्ताकात आरमार एक नव्हतं. पाच वेगवेगळी मंडळं होती आणि त्यांत ॲमस्टरडॅमचं सगळ्यात श्रीमंत, कारण आरमाराचा खर्च चालायचा तो आयात-निर्यातीवरच्या जकातीतून आणि सगळ्यात जास्त माल याच बंदरात यायचा. मग १६५२ च्या जुलैत डाम चौकातलं जुनं नगरभवन जळालं. रेम्ब्रांटने त्या जळक्या इमारतीचं रेखाचित्र काढलं आहे आणि त्यावर स्वतःच्या हाताने तारीखही घातली आहे. नगरपालिका उघड्यावर आली, ती थेट प्रिन्सेनहोफमध्ये बिऱ्हाड घेऊन आली. नवीन भवन आधीच बांधायला घेतलेलं होतं. १६५५ मध्ये ते वापरण्याजोगं झालं आणि मंडळी तिकडे गेली. याकोब फान कांपेन या वास्तुकाराने बांधलेली ही इमारत म्हणजे आजचा डाम चौकातला राजवाडा. दलदलीवर उभी आहे, म्हणून खाली लाकडी खांब ठोकले आहेत. किती? १३,६५९. हा आकडा तिथल्या शाळेत मुलांना पाठ करायची युक्ती फार गोड आहे: वर्षाचे दिवस ३६५, त्याच्या आधी १ आणि शेवटी ९. माझ्यासारख्या मास्तरणीला राजवाड्यापेक्षा ही युक्तीच जास्त आवडली.

नगरपालिका गेल्यावर आरमाराने १६६१ च्या सुमारास प्रिन्सेनहोफच्या चौकात नवीन इमारत उठवली. आत शिरल्यावर समोर जो भारदस्त, सरळ रेषांचा दर्शनी भाग दिसतो तो हाच. वर त्रिकोणी माथा, त्यावर आरमारी चिन्हं कोरलेली. नक्षीचा सोस नाही, पण इथे कोणाचा अंमल आहे हे कळतं. इंग्रजांना त्यांच्याच नदीत शिरून १६६७ साली ज्याने धडा शिकवला तो मिखील डी रॉयटर याच आरमाराच्या सेवेतला.

आता तीच वर्षं, तोच कालवा, दोन-चारशे पावलं उत्तरेला. याच फोरबुर्खवालवर ३८ नंबरचं एक घर आहे. बाहेरून व्यापाऱ्याचं साधं घर. १६६१ मध्ये यान हार्टमान नावाच्या कॅथलिक व्यापाऱ्याने ते घेतलं, मागची घरं जोडली आणि १६६३ पर्यंत वरच्या पोटमाळ्यांत एक अख्खं चर्च बांधलं. सार्वजनिकरीत्या कॅथलिक उपासना करायला बंदी होती. घराच्या आत, रस्त्यावरून दिसणार नाही अशी केली तर शहर काणाडोळा करायचं. आज तिथे संग्रहालय आहे, आवर्जून पाहावं. जिने इतके उभे आहेत की वर पोचेपर्यंत देव आठवतोच. मला त्या दोन वास्तू एकत्र आठवतात. एकीकडे मठ घेऊन त्यावर आरमाराची कमान, दुसरीकडे माळ्यावर लपलेला देव, आणि खाली दोघांचं पाणी एकच.

इथे जरा कोकणात जाऊन येते. या हॉटेलापासून चालत पाच मिनिटांवर डच ईस्ट इंडिया कंपनीचं मुख्यालय होतं. इमारत अजून आहे, आता विद्यापीठाकडे आहे. वेंगुर्ल्याची डच वखार ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको, ती १६३७ च्या सुमारासची वखार याच कंपनीची. गोव्याच्या पोर्तुगिजांवर नजर ठेवायला त्यांना वेंगुर्ला सोयीचं पडलं. वेंगुर्ल्याच्या डचांनी वरिष्ठांना पाठवलेल्या पत्रांत शिवाजीमहाराजांच्या हालचालींच्या बातम्या आहेत, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण यांनी १९३० च्या दशकात आपल्या शिवचरित्रासाठी डच कागद वापरले. कंपनी वेगळी, आरमार वेगळं, त्यामुळे हॉटेलाचा आणि वेंगुर्ल्याचा थेट संबंध जोडायला नको. पण त्या चौकात उभी असताना वेंगुर्ल्याच्या वखारीच्या पडक्या भिंतींतून वर आलेली झाडं आठवली एवढं मात्र खरं. असो.

१७९५ मध्ये क्रांती झाली, जुनं प्रजासत्ताक गेलं आणि आरमाराची ती मंडळंही गेली. १८०८ मध्ये नेपोलियनचा भाऊ लुई हॉलंडचा राजा म्हणून ॲमस्टरडॅमला राहायला आला. त्याला डाम चौकातलं नगरभवन आवडलं. राजाला आवडलं म्हटल्यावर काय, नगरपालिकेने सामान बांधलं आणि आली परत प्रिन्सेनहोफमध्ये! लुई दोनच वर्षांत गादी सोडून गेला, पण भवन राजाकडे गेलं ते गेलंच. शेवटी १९३६ साली सरकारने शहराला त्याचे १ कोटी गिल्डर देऊन हिशेब मिटवला. त्या पैशातून नवीन नगरभवन बांधायचं होतं. ते बांधून नगरपालिका तिथे राहायला कधी गेली म्हणाल, तर १९८८ मध्ये. म्हणजे १८०८ ची तात्पुरती सोय १८० वर्षं चालली. आपल्याकडे तात्पुरत्या वर्गखोल्या पंचवीस वर्षं चालतात म्हणून मी नाराज असायचे, ती नाराजी मागे घेतली.

त्या १८० वर्षांत कारभार वाढला, जागा पुरेना. १९२० च्या दशकात नगरपालिकेचेच वास्तुकार निकोलास लान्सडॉर्प यांनी कालव्याच्या बाजूला नवीन भाग बांधला. हा त्या वेळच्या ‘ॲमस्टरडॅम शैली’तला आहे, म्हणजे विटांची कारागिरी. गडद विटा, वळणदार कोपरे, रंगीत काचा, दाराच्या मुठीपासून दिव्यापर्यंत सगळं ठरवून घडवलेलं. आरमाराच्या दगडी शिस्तीशेजारी हे जरा लाडावलेलं वाटतं, पण मला आवडलं. सभागृह या भागात आहे, आणि विवाहनोंदणीचं दालनही. हॉलंडमध्ये चर्चमध्ये लग्न लावायचं असलं तरी आधी नगरपालिकेत नोंदणी विवाह करावाच लागतो. त्यामुळे ॲमस्टरडॅमच्या किती तरी जोडप्यांचं लग्न आजच्या या हॉटेलात झालेलं आहे. ते दालन क्रिस लेबो या चित्रकाराने सजवलं. लेबो अराज्यवादी विचारांचा माणूस. सरकार ही संस्थाच नको म्हणणाऱ्याने सरकारी लग्नाची खोली रंगवली, ही गंमतच आहे. पुढे जर्मन ताब्याच्या काळात ज्यू लोकांसाठी खोटी ओळखपत्रं करण्याच्या कामात तो होता. पकडला गेला आणि एप्रिल १९४५ मध्ये दाखाऊच्या छळछावणीत मेला.

याच नगरपालिकेची दुसरी बाजूही सांगायला हवी. मे १९४१ मध्ये जर्मनांच्या हुकमावरून तिच्या सांख्यिकी विभागाने शहराचा एक नकाशा तयार केला. कोणत्या गल्लीत किती ज्यू राहतात ते दाखवणारा. एक काळा ठिपका म्हणजे दहा माणसं. काम अगदी नेटकं, चुका नाहीत. शहरात सुमारे ८० हजार ज्यू होते, त्यांतले ६० हजारांहून जास्त मारले गेले. तो नकाशा काढणारे लोक राक्षस नव्हते. सकाळी सायकलवरून कामावर येणारे, दुपारी डबा खाणारे कारकून होते.

डबा खाणारे म्हटलं आणि भिंत आली.

१९४९ मध्ये नगरभवनाच्या कर्मचाऱ्यांच्या जेवणघरात एक भित्तिचित्र काढायचं ठरलं. काम मिळालं कारेल आपेल या २८ वर्षांच्या तरुणाला. तो ॲमस्टरडॅमचाच. आदल्या वर्षी नोव्हेंबरात त्याने आणि त्याच्या मित्रांनी पॅरिसमध्ये ‘कोब्रा’ नावाचा गट काढला होता (कोपनहेगन, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम यांची आद्याक्षरं). लहान मुलं कशी बिनधास्त चित्र काढतात, तसं काढायचं हा त्यांचा ध्यास. युद्धानंतर आपेल आगगाडीने जर्मनीतून गेला होता, तेव्हा स्टेशनांवर हात पसरून उभी असलेली भुकेली मुलं त्याने पाहिली. ती त्याने भिंतीवर काढली. चित्राचं नाव ‘विचारणारी मुलं’.

पण हे भाषांतर अर्धंच झालं. लेकीने सांगितलं की डच भाषेत विचारणं आणि मागणं या दोन्हींना एकच क्रियापद आहे. म्हणजे ती प्रश्न विचारणारी मुलं आहेत आणि भीक मागणारीही. मराठीत ही सोय नाही. आपल्याकडे विचारणारं मूल वेगळं आणि मागणारं वेगळं. एकाला आपण हुशार म्हणतो, दुसऱ्यासमोर गाडीची काच वर करतो.

चित्र दिसायला कसं? धीटपणे ओढलेले ठोकळ्यासारखे आकार, लाल, निळे, पिवळे, आणि मोठाले डोळे. पहिलीतल्या मुलाने घरच्या माणसांचं चित्र काढावं तसं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझीही प्रतिक्रिया ‘हे काय?’ अशीच होती, खोटं कशाला बोला! मग जरा वेळ बसले. डोळे आपल्याकडे बघतात आणि नजर काढत नाहीत.

कर्मचारी भडकले. रोज जेवताना हे बघायचं? तक्रारी गेल्या, वर्तमानपत्रांत टिंगल झाली आणि चित्र काढलं त्याच वर्षी ते झाकून टाकलं. पुढची दहा वर्षं ते झाकलेलंच होतं.

आता या गोष्टीची नेहमीची मांडणी अशी असते की थोर कलावंत आणि मठ्ठ कारकून. मला ते पटत नाही. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्नाची कोंडी केली तेव्हा पश्चिम हॉलंडात सुमारे २० हजार माणसं भुकेने आणि थंडीने मेली. लोकांनी ट्युलिपचे कंद उकडून खाल्ले. चित्र त्यानंतर फक्त साडेचार वर्षांनी काढलं. म्हणजे त्या जेवणघरात पाव खाणाऱ्या माणसांपैकी कित्येकांनी स्वतः, किंवा त्यांच्या मुलांनी, हात पसरलेले होते. नुकतं कुठे पोटभर मिळू लागलेलं, आणि समोर भिंतीवर भुकेली पोरं, तीही बहुधा जर्मन! मला त्या कारकुनांचा राग येत नाही. आणि तरीही ती मुलं झाकायला नको होती असंही वाटतं. दोन्ही एकदम वाटतं, त्याला इलाज नाही.

मी नोकरीला होते त्या एका शाळेत सातवीच्या मुलांनी व्हरांड्याच्या भिंतीवर गेरू आणि कोळशाने चित्रं काढली होती. टँकरपुढची हंड्यांची रांग, खडी फोडणाऱ्या बायका, त्यांच्याजवळ चिंधीच्या सावलीत झोपलेलं पोर. दुष्काळाचं वर्ष होतं, मुलांनी रोज बघितलेलंच काढलं. साहेबांची शाळा तपासणी जाहीर झाली आणि शनिवारी दुपारी भिंतीला चुना लागला. सोमवारी मुलं आली, भिंतीकडे बघितलं, आणि कोणी काही विचारलं नाही. ते न विचारणं माझ्या लक्षात राहिलंय.

आपेलच्या बाजूने मात्र एक माणूस बोलला, आणि तोही नगरपालिकेचाच नोकर! आल्डो फान आइक, नगररचना खात्यातला तरुण वास्तुकार. त्याने १९५० मध्ये एक पत्रक काढलं. नावात डच भाषेतली कोटी होती, कारण ‘आपेल’ आणि ‘आवाहन’ यांचे उच्चार जवळचे. कल्पनाशक्तीला आवाहन, असा त्याचा अर्थ. हा फान आइक मला फार महत्त्वाचा वाटतो. १९४७ पासून तो शहरात मुलांसाठी खेळायच्या जागा तयार करत होता. युद्धात पडलेल्या घरांच्या मोकळ्या जागा, त्यांत कित्येक न परतलेल्या ज्यू कुटुंबांच्या घरांच्याही जागा होत्या, तिथे वाळूचा हौद, उड्या मारायचे दगड, लोखंडी नळ्यांच्या कमानी. इतकंच, पण मुलांना दुसरं काय लागतं? पुढच्या तीस वर्षांत अशा सातशेहून जास्त जागा झाल्या. एकीकडे नगरपालिका भिंतीवरची मुलं झाकत होती आणि त्याच नगरपालिकेचा एक नोकर खऱ्या मुलांसाठी गल्लोगल्ली जागा काढत होता. नगरपालिका म्हणजे एक माणूस नसतो, हे आपण विसरतो.

आपेल वैतागून १९५० मध्ये पॅरिसला गेला. तिथे नाव झालं, पुढे अमेरिकेतही झालं. १९५९ मध्ये झाकण काढलं, तेव्हा त्याच नगरपालिकेला तो ‘आपला आपेल’ झाला होता. हे काही हॉलंडचंच वैशिष्ट्य आहे असं नाही. २००६ साली तो गेला.

झाकण निघालं तेव्हा महापौर होते खाइस फान हॉल. या माणसाविषयी थोडं सांगून आवरते. (तिथे महापौर निवडून येत नाही, नेमला जातो.) युद्धकाळात फान हॉल आणि त्यांचा धाकटा भाऊ वालराफेन दोघेही बँकवाले. जर्मनांच्या नाकावर टिच्चून त्यांनी प्रतिकार चळवळीला आणि लपून राहिलेल्या कुटुंबांना पैसा पुरवायची यंत्रणा उभी केली. वालराफेन पकडला गेला आणि १२ फेब्रुवारी १९४५ ला हारलेममध्ये त्याला गोळ्या घातल्या. युद्ध संपायला तीन महिने राहिले होते.

आणि १० मार्च १९६६ रोजी याच इमारतीच्या सभागृहात राजकन्या बेआट्रिक्सचं लग्न लागलं, ते एका जर्मनाशी. क्लाउस फॉन आम्सबर्ग. तरुणपणी हिटलर युथमध्ये, मग जर्मन सैन्यात. शहर खवळलं होतं. जर्मनांनी पळवलेल्या सायकलींची आठवण म्हणून लोक ‘माझी सायकल परत द्या’ असं ओरडत होते, प्रोव्हो चळवळीच्या पोरांनी मिरवणुकीच्या वाटेवर धुराचे बाँब फोडले. आणि आत, नोंदणी विवाह लावायला महापौर म्हणून कोण उभं? ज्याच्या सख्ख्या भावाला जर्मनांनी गोळ्या घातल्या तो खाइस फान हॉल. त्याने लग्न लावलं. त्या क्षणी त्याच्या मनात काय होतं हे कुठल्या दफ्तरात सापडणार? पुढच्याच वर्षी शहरातल्या दंगलींच्या प्रकरणावरून त्याला पदावरून काढलं. क्लाउस मात्र पुढे डच लोकांचा फार लाडका झाला. २००२ साली तो वारला तेव्हा लोक हळहळले.

१९८८ मध्ये नगरपालिका नवीन भवनात गेली. ते उभं आहे वॉटरलू चौकात, जुन्या ज्यू वस्तीच्या जागेवर. रिकाम्या प्रिन्सेनहोफचं १९९२ मध्ये हॉटेल झालं. सभागृह, लग्नाचं दालन, आरमाराचा दर्शनी भाग सगळं राखलं, आणि जेवणघराची ती भिंतही. पैसेवाल्या पाहुण्यांना जेवताना समोर मागणारी मुलं नकोत, असं १९९२ मध्ये कोणी म्हटलं नाही. आता ती मुलं प्रसिद्ध आहेत ना!

जाणाऱ्यांसाठी: डाम चौकापासून चालत सात-आठ मिनिटं. रस्ता बदनाम वस्तीच्या कडेने जातो, दिवसा काही वाटत नाही, फक्त सायकलींकडे लक्ष ठेवा. चौकापर्यंत गेलं तर कोणी अडवत नाही. चित्र बघायचं तर आत स्वागतकक्षात नम्रपणे विचारा. आम्ही विचारलं, त्यांनी दाखवलं. आधी माळ्यावरचं चर्च करा आणि मग हॉटेल, म्हणजे जिने चढून दमल्यावर कॉफीचे पैसे जरा कमी टोचतील. आमच्या वेळी कॉफीबरोबर एक चिमुकलं बिस्कीट आलं. नातवाने भिंतीवरच्या मुलांकडे बघून विचारलं, “आजी, यांना पण देतात का?” लेक म्हणाली, “चित्र आहे रे ते.” तो म्हणाला, “मला माहितीये.”